खुराडं आपल्या हवेचं हवं

मे महिन्यातली दुपार. अडीच वाजले असतील. जेवणं आटोपून कूलरच्या पुढ्यात जरा अंग टाकलं होतं, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे बचत गटाच्या अध्यक्ष. "ताई, लवकर या व. कोंबड्या चोची वासून पडल्या साऱ्या. पाणीबी घेऊन नाही राहिल्या."

देवळी तालुक्यातल्या त्या गावी पोचायला मला चार वाजले. गटाच्या अठ्ठावीस कोंबड्यांपैकी अकरा तोवर गेल्या होत्या. बाकीच्या पंख पसरून, मान टाकून, भात्यासारख्या धापा टाकत होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आणखी पाच गेल्या. २०१३ सालची ही गोष्ट. दहा जणींनी मिळून कर्ज काढलं होतं, अंडी नुकती सुरू झाली होती. कुणी मला एक शब्द बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं की ते खुराडं कसं बांधायचं हे सांगणारी मीच होते.

आज इतक्या वर्षांनी ते लिहायचं कारण असं, की अजूनही गावोगावी तीच चूक होताना दिसते. कोंबड्या वाटल्या जातात, पिलं वाटली जातात, सोबत एक छापील नकाशा येतो. तो नकाशा कुठल्या हवेसाठी काढलाय, हे कुणी विचारत नाही. मी तरी कुठे विचारलं होतं?

माझं माहेर कोकणातलं, समुद्रापासून चालत अर्ध्या तासावर. लग्न होऊन वर्ध्याला आले ती थेट उन्हाळ्यातच. आमच्या मागीलदारी आईचं खुराडं होतं. जांभ्याच्या चिऱ्यांचं हात-दीड हात उंच जोतं, त्यावर चारी बाजूंनी लाकडी रिपा, दोन रिपांमध्ये बोटभर फट. खालची जमीनसुद्धा रिपांचीच, म्हणजे घाण खाली पडते आणि कोंबडीचे पाय कोरडे राहतात. वर नळ्यांची कौलं आणि वळचण चांगली पुढे आलेली. पावसाळ्यात पश्चिमेच्या अंगाला झाप बांधायचा, बस्स. बाकी वर्षभर वारा आरपार. आईने त्यात पंधरा-वीस कोंबड्या सुखाने पाळल्या. उन्हाने कोंबडी मेलेली मी माहेरी कधी पाहिली नाही.

मग गटाला योजनेतून जो नकाशा मिळाला तो पाहून मला एकदम घरचं वाटलं. चारी बाजूंनी जाळी, वर टिनाचं छप्पर, दहा फूट लांब, पाच फूट रुंद. मी म्हटलं, हेच बरोबर, कोंबडीला हवा लागते. जागा होती गोठ्याच्या भिंतीला लागून, म्हणून लांब बाजू पश्चिमेकडे आली. कुणीतरी म्हणालं, "ऊन येईन ना ताई?" मी म्हटलं, वारा आहे ना! माहेरचं शहाणपण सासरी आणलं की कधीकधी असं होतं.

त्यानंतर मी पंचायत समितीच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं, सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन आले, मिळेल ते वाचलं. मग जे कळलं ते इतकं सोपं होतं की स्वतःच्या डोक्यावर हात मारावासा वाटला.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगात घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगातली उष्णता ती दोन वाटांनी काढते. एक, पंख अंगापासून दूर धरून वाऱ्याला देते. दुसरी, चोच उघडून धापा टाकते, म्हणजे घशातलं पाणी वाफ होऊन जातं आणि थंडावा येतो. आता कोंबडीच्या अंगाचं तापमान असतं ४१-४२ अंश. कोकणात कडक उन्हाळ्यात हवा ३३-३४ अंशांवर असते. म्हणजे वारा कोंबडीच्या अंगापेक्षा थंड. तो जितका लागेल तितकं बरं. शिवाय तिथली हवा आधीच दमट, धापा टाकून घशातलं पाणी लवकर उडत नाही, त्यामुळे वारा हाच काय तो आधार. म्हणून आईचं खुराडं चारी बाजूंनी उघडं होतं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, पिढ्यांनी शिकवलं होतं.

आणि आपल्याकडे? मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ च्या वर जातो. म्हणजे वारा कोंबडीच्या अंगापेक्षा गरम! तो तिच्या अंगाची उष्णता काढून नेत नाही, उलट आत घालतो. आपण पंखा लावला की "गरम झळा येऊन राहिल्या" म्हणतो ना, तेच. मी मोठ्या हौसेने त्या कोंबड्यांना चारी बाजूंनी झळा लावून दिल्या होत्या, वरून टिनाची कढई, आणि बाया धुऱ्यावरची काडी वेचायला शेतात जात, गावात कुत्री फार, म्हणून दिवसा दाराला कडी. त्यांनी जायचं तरी कुठे?

त्याच गावात, त्याच आळीत, एका म्हाताऱ्या आजींच्या नऊ कोंबड्या होत्या. त्यातली एकही मेली नाही. मी त्यांच्याकडे गेले. आजींचं खुराडं म्हणजे घराच्या उत्तरेच्या भिंतीला टेकून बांधलेला तुराट्यांचा कूड, त्याला हातभर जाड वाटावं असा शेणामातीचा लेप, वर जुनी कवेलू, आणि समोर भलंमोठं कडूनिंबाचं झाड. सकाळी उठल्या की कोंबड्या सोडायच्या. दुपारी त्या निंबाखाली माती उकरून, त्या गार खळग्यात पोट टेकून बसायच्या. झाडाखाली फुटकं मातीचं भांडं, त्यात पाणी. "मी काही करत नाही वं," आजी म्हणाल्या, "त्याच पाह्यतात आपली जागा."

मला वाटतं, त्या दिवशी मला सगळं तिथेच मिळालं होतं. पण शिकलेल्या बाईला एकदा ठेच लागून भागत नाही. मी परत आले आणि गटाला सांगितलं, जाळीला चारी बाजूंनी ओली बारदानं बांधा. बांधली. दिवसातून चारदा बायांनी त्यावर पाणी मारलं. तिसऱ्या दिवशी आत शिरलो तर डोळे झोंबले. खालचा भुसा ओला, घाणीचा उग्र वास, हवा कोंदट, कोंबड्या पुन्हा धापा टाकतायत. ओल्या बारदानांनी आम्ही वारा पार बंद करून टाकला होता आणि आत आंघोळघरातल्यासारखी वाफ साचली होती.

मग कूलरकडे पाहून डोक्यात उजेड पडला. कूलर काय करतो? ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढतो, ती गार होते, आणि दुसऱ्या बाजूने खिडकी उघडी असली तरच ती खोलीतून पुढे जाते. खिडक्या बंद ठेवून कूलर लावला की अंग चिकचिकतं, हे आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आणि जुलै लागला की कूलर कामाचा नाही, कारण हवेतच पाणी असतं. खुराड्याचंही तसंच. ज्या अंगाने झळा येतात त्या अंगाला ओलं बारदान, समोरची बाजू मोकळी, आणि बारदानाचं पाणी खाली भुशावर न गळता बाहेर गळेल असं. पाऊस सुरू झाला की ते काढून ठेवायचं. कोकणात ह्या बारदानाचा काडीचा उपयोग नाही. इथे ते जीव वाचवतं.

पुढच्या वर्षी जुनं खुराडं मोडून आम्ही नवं बांधलं. मैत्रिणींनो, मी काही इंजिनिअर नाही, पण ते अजून उभं आहे आणि उन्हाने त्यात एकही कोंबडी दगावलेली नाही, म्हणून सांगते.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. म्हणजे दुपारनंतरचं तिरपं ऊन फक्त पश्चिमेच्या अरुंद भिंतीवर येतं. ती भिंत वरपासून खालपर्यंत बंद, तुराट्यांचा कूड आणि दोन्ही बाजूंनी शेणामाती. पावसाची झडही बहुतेक त्याच अंगाने येते, त्यामुळे एका भिंतीत दोन कामं झाली. उत्तर आणि दक्षिणेच्या लांब बाजूंना खाली दीड फूट कूड आणि त्यावर छपरापर्यंत जाळी. जाळीला गुंडाळता येतील असे बारदानाचे पडदे. पूर्वेला दार, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन आत येतं आणि भुसा वाळतो.

छपराबद्दल मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण खरी गोम तिथे आहे. मेच्या अखेरच्या आठवड्यात आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. अशा वेळी भिंतींपेक्षा छपरावर ऊन जास्त पडतं. नुसतं टिन असेल तर ते तापून खाली आग ओकतं. टिन फेकून द्या असं मी म्हणणार नाही, ते टिकतं, गळत नाही, आणि घरातल्या पुरुष माणसांना टिनाचा भारी अभिमान असतो. पण टिनावर तुराट्यांचा किंवा तणसाचा वीतभर थर तारेने घट्ट बांधा. नाहीतर मृगाच्या आधीच्या वावटळीत सगळं शेजारच्या वाडीत जातं. तेही जमत नसेल तर निदान टिनाला चुन्याचा पांढरा हात द्या, पांढऱ्यावरून ऊन परततं. छप्पर भिंतीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलं पाहिजे. आणि उंची! आमचं पहिलं खुराडं साडेचार फूट होतं. आता बाजूला सहा फूट, मधे सात. तापलेली हवा वर जाते आणि वरच्या फटीतून निघून जाते, कोंबडीच्या पाठीवर बसत नाही.

झाडाची सावली मिळाली तर सोन्याहून पिवळं. पण झाड कोणतं ते बघा. कडूनिंब माघ-फाल्गुनात झडतो आणि चैत्रात पुन्हा हिरवागार होतो, ऐन उन्हाळ्यात त्याची सावली दाट. सागाखाली खुराडं बांधू नका, मे महिन्यात साग नुसता उघडा खांब असतो.

जागा किती लागते? दिवसा मोकळ्या सुटणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दोन चौरस फूट धरा. वीस कोंबड्यांना आठ बाय पाच फूट पुरे. बसायला आडव्या काठ्या हव्यात, एका कोंबडीला साधारण वीतभर. अंड्यासाठी अंधारा कोपरा, पाच जणींत एक टोपलं. खाली धानाचा किंवा लाकडाचा भुसा, दर चार-आठ दिवसांनी वरखाली करायचा. वास आला तर समजा हवा कमी पडते किंवा ओल जास्त होतेय.

आपली काळी जमीन ही आणखी एक कटकट. कोकणात जांभ्यावर पाणी ठरत नाही, निथळून जातं. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल अशी भेगाळते, आणि तिच्यात रोवलेला खांब वर्षात कलतो. म्हणून खांब मुरूम लागेपर्यंत खोल न्यायचे आणि जोतं मुरमाने फूटभर उंच भरून घ्यायचं. जाळी कोणती घ्यायची हेही अनुभवाने कळलं. षटकोनी भोकांची स्वस्त जाळी कोंबडी आत ठेवते, पण कुत्रा आणि मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी महाग पडते, तरी तीच घ्या, निदान खालच्या तीन फुटांना. कुत्रा खालून उकरतो, त्याला बुडाशी फरशीचे तुकडे दाबून ठेवा. आणि दर वर्षी मातीच्या भिंतीच्या भेगा बुजवून चुना मारा. दिवसा भेगेत बसणारे गोचीड रात्री कोंबडीचं रक्त पितात, ती खंगत जाते आणि आपण म्हणतो कुणाची नजर लागली!

हिवाळ्याचं विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. तेव्हा पडदे खाली सोडायचे, पण वरची चार बोटं फट उघडीच ठेवायची. लसीकरण हा वेगळाच विषय आहे, एवढंच सांगते की राणीखेत म्हणजे आपली मानमोडी, ती आली की महाल बांधला असला तरी उपयोग नाही. लस दवाखान्यात विचारून वेळेवर द्या. आणि गिरिराज, वनराज ह्या अंगाने भारी जाती. त्या देशी कोंबडीपेक्षा उन्हाला लवकर हार खातात हे घेतानाच लक्षात असू द्या. उन्हाळ्यात चारा पहाटे आणि सांजेला टाका, भर दुपारी पोट भरलं तर पचवतानाही अंगात उष्णता वाढते. पाणी मात्र दिवसभर, मातीच्या भांड्यात, सावलीत. धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या अंड्याचं कवच पातळ होतं. बाजारात नेईपर्यंत फुटलेली अंडी ही पुष्कळदा उन्हाचीच करणी असते.

आता बापूंच्या कुटीचं नाव कोंबड्यांच्या लेखात काढते म्हणून कुणी रागावू नये. पण आमच्या दारात सेवाग्राम आहे. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या सेगावात राहायला आले, तेव्हा घरं आसपास मिळणाऱ्या साहित्यातून आणि थोडक्या खर्चात व्हावीत असा त्यांचा आग्रह होता. बापूकुटी मुळात मीराबेनने स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, भोवती ओसरी. मे महिन्यात शाळेची पोरं घेऊन मी तिथे गेले आहे. बाहेर डांबर वितळतं आणि आत पोरं आपोआप फतकल मारून बसतात. दरवर्षी किती पाहुणे ती कुटी पाहून जातात, हात जोडतात, फोटो काढतात. आणि तिथून दहा-वीस किलोमीटरवर आपण योजनेच्या पैशातून टिनाच्या भट्ट्या उभ्या करतो.

हा राग एकट्या खुराड्याचा नाही. २००६ साली पंतप्रधानांचं पॅकेज आलं. विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत वर्धाही होता. त्यात संकरित गाई वाटल्या गेल्या. त्या गाईंना हिरवा चारा लागतो, सावली लागते, भरपूर पाणी लागतं. ते आणायचं कुणी? घरातल्या बाईने. अनेक घरांनी त्या गाई लवकरच विकून टाकल्या, आणि दोष मात्र "ह्यांना सांभाळता येत नाही" असा आपल्याच माथी आला. देणाऱ्याची हवा वेगळी, घेणाऱ्याची वेगळी, आणि मधे ऊन सोसते ती बाई.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. योजनेत खुराड्याला पैसे देता ना, मग नकाशा आधी मंजूर करू नका. आधी त्या गावातल्या कोंबड्या पाळणाऱ्या बायांना बोलवा, त्यांची दुपारची जागा बघा, मग रेघ ओढा. टिनाला पैसे मिळतात आणि तुराट्याच्या कुडाला मिळत नाहीत, कारण कुडाचं बिल नसतं. बिल नाही म्हणून खर्च नाही, खर्च नाही म्हणून ते खुराडंच नाही! निदान बांधणाऱ्या बाईच्या मजुरीचं तरी बिल होऊ शकतं की नाही?

आणि घरातसुद्धा हेच बघा. खुराडं कुठे, केवढं, दार कुठल्या बाजूला हे ठरवतो घरधनी. त्यात रोज वाकून शिरते बाई. आमच्या पहिल्या खुराड्याचं दार अडीच फुटांचं होतं. गटातली एक पोर सातव्या महिन्याची, ती गुडघ्यावर रांगत आत जाऊन अंडी काढायची. नव्या खुराड्यात आम्ही दार माणसाच्या उंचीचं केलं आणि अंड्यांच्या टोपल्यांमागे बाहेरून उघडणारी झडप ठेवली, कमरेच्या उंचीवर. हात घालायचा, अंडी घ्यायची. त्या झडपेला खर्च आला जुन्या दोन बिजागऱ्यांचा. सुताराने विचारलं, "हे कशाले?" सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या तेव्हा त्याने मुकाट्याने फळी कापली.

कारण कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो, तो कृषी केंद्रवाल्याच्या वहीतून आणि घरधन्याच्या खिशातून जातो. अंड्यांचा पैसा आठवडी बाजाराच्या दिवशी येतो आणि पदराच्या गाठीला राहतो. पोरीची वही, स्वतःची औषधाची गोळी, माहेरी जायचं एसटीचं तिकीट, हे त्यातून होतं, कुणाला न विचारता. २०१३ च्या त्या दोन दुपारी सोळा कोंबड्या मेल्या तेव्हा त्या गटाची सात-आठ महिन्यांची अशी मोकळीक गेली. कर्जाचे हप्ते त्यांनी मजुरी करून फेडले. अध्यक्ष बाईंनी मला त्या वर्षी संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हा उंबरठ्यात माझा पाय जड झाला होता.

आता कुणी यंदा बांधायचं म्हणत असाल, तर उन्हाळा तोंडावर येईपर्यंत थांबू नका. कुडाचा लेप वाळायला दिवस लागतात आणि मुरूम दाबून बसायलाही. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघाली की तुराट्या चुलीकडे जायच्या आत सरळ, जाड पाहून चार भारे बाजूला काढून ठेवा. वाळवी लागू नये म्हणून खाली विटा ठेवून उभे करा, आणि घरात आधीच सांगून ठेवा की ह्यांना कुणी हात लावायचा नाही.